मनगटावरचा पट्टा आणि मानेतली उबळ

मनगटावर बांधायच्या विजेच्या पट्ट्याने माझ्या मानेचे झटके, म्हणजे टिक्स, थांबतील का, असे मला वारंवार विचारले जाते. तुम्हीही विचारलेत, म्हणून लिहितो.

तुम्हाला झटका दिसतो; मला त्याआधीची उबळ छळते. वाचताना ओळीच्या मध्यावर उजव्या कानाखाली काहीतरी ताणू लागते, शिंक अडकून राहावी तसे, आणि मान हिसकली की ते क्षणभर सुटते. तेवढ्यात ओळ हरवते आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचावी लागते. चारचौघांत मी मान आवरतो खरी, पण मग समोरच्याचे बोलणे कानांवरून जाते.

पट्टा मनगटातल्या मीडियन नर्व्हला, म्हणजे तळहाताकडे जाणाऱ्या मुख्य नसेला, एका लयीत सौम्य धक्के देतो. मेंदूचा जो भाग हालचाल आणि स्पर्श सांभाळतो, तेथील विजेच्या लहरी या लयीला लागल्या तर उबळ मंदावेल, असा इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठातील स्टीफन जॅक्सन यांच्या गटाचा तर्क. २०२० साली त्यांनी तो १९ जणांवर तपासला. पुढच्या चाचणीत १२१ जण होते. त्यांतल्या काहींनी घरीच, दिवसाला १५ मिनिटे, महिनाभर खरा पट्टा वापरला, काहींना नकली मिळाला, काहींना काहीच नाही. खरा पट्टा वापरणाऱ्यांपैकी ५९ टक्के जणांच्या टिक्स किमान २५ टक्क्यांनी घटल्या. मात्र अमेरिकेतील सेंट लुइस येथे झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत धक्के लयीत दिले काय आणि बेलय दिले काय, गुण सारखाच आला. म्हणजे उपाय टिकला तरी त्यामागचा तर्क डळमळतो, आणि हे मला खटकते.

हाताला मुंग्या येतात म्हणून एकदा नसांची तपासणी करून घेतली होती. मनगटावर धक्का बसला आणि अंगठा टुणकन उडाला. आधी कसलीही उबळ नाही, नंतर सुटकाही नाही. माझे अंग इतक्या निर्मळपणे हललेले मी प्रथमच पाहिले आणि हसू आले. तंत्रज्ञ बिचारे गोंधळले.

तेव्हा झटके थांबतील, असे मी मानत नाही. उबळ चौथाईने सैलावली, तरी एक पान सलग वाचून होईल, आणि तेवढ्यासाठी मी पट्टा बांधीन. तोवर वर्तनोपचारात शिकलेली युक्ती आहेच: ताण जाणवताच हनुवटी किंचित आत ओढून मिनिटभर धरायची. बहुधा ओसरते.