गिओनची मूक वारी

२०२४ साली आषाढी एकादशी १७ जुलैला आली, तेव्हा मी जपानमध्ये क्योतो शहरात होतो. पंढरपूर गाठणे शक्य नव्हते आणि त्या दिवशी न चालता बसून राहणे मनाला पटत नव्हते. म्हणून उपास धरून पहाटेच फुशिमी इनारीच्या डोंगरापासून शहरातल्या बाजारापर्यंत पायी निघालो.

इनारी ही धान्याची आणि पुढे व्यापाराचीही देवता. तिच्या या स्थानाची स्थापना परंपरेने ७११ सालची मानतात. २३३ मीटर उंचीच्या डोंगरावर जाणाऱ्या वाटांवर सुमारे दहा हजार शेंदरी कमानी उभ्या आहेत. त्यांना तोरिई म्हणतात. चढताना खांब कोरे दिसतात, उतरताना मात्र त्यांच्या मागच्या बाजूची काळी अक्षरे समोर येतात. ती दात्यांची नावे आहेत, त्यांत दुकाने आणि कंपन्या पुष्कळ. लाकूड कुजते, कमान पडते आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी नवी कमान उभी राहते. खाली बाजारात जायला निघालेला मी, तो बाजार इथे झाडांच्या शांत सावलीत आधीच येऊन हात जोडून उभा असलेला पाहत होतो.

दुपारी निशिकी बाजारात पोहोचलो. जेमतेम चारशे मीटर लांबीच्या या छपराखालच्या अरुंद गल्लीतल्या मासळीच्या व्यापाराला १६१५ साली शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, राजवटीने परवानगी दिली होती. बुधवार असल्याने काही दुकाने बंद होती, तरी भाजलेल्या मासळीचा आणि लोणच्यांचा वास गल्लीभर होता. तिच्या पूर्व टोकाला विद्येच्या देवतेचे छोटे निशिकी तेनमानगू मंदिर आहे. त्याच्या दगडी कमानीच्या आडव्या तुळईची दोन्ही टोके शेजारच्या इमारतींच्या भिंतींत शिरलेली आहेत. तिथल्या विहिरीचे थंड पाणी ओंजळीने प्यायलो.

संध्याकाळी कामो नदी ओलांडून यासाका मंदिरापाशी आलो. गिओन हे इथले जुने नाव श्रावस्तीच्या जेतवनावरून, म्हणजे बुद्धांच्या तिथल्या विहारावरून, आलेले आहे. १८६८ पर्यंत हे मंदिरही त्याच नावाने ओळखले जात होते. ८६९ साली साथ पसरली असताना तिच्या शमनासाठी जो विधी झाला, त्यातून जुलैचा गिओन उत्सव उभा राहिला. उत्सवाच्या या महिन्यात इथली काही माणसे काकडी खात नाहीत, कारण तिची चकती देवाच्या चिन्हासारखी दिसते. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला हे फार जवळचे वाटले.

सकाळी उंच रथांची मिरवणूक झाली होती. आता तीन मिकोशी, म्हणजे देवांच्या पालख्या, खांद्यांवर उचलल्या गेल्या आणि "होइत्तो, होइत्तो" असा घोष उठला. तिन्हींपैकी एक निशिकी बाजाराचे मंडळ वाहते, हे कळल्यावर दुपारी पाहिलेली गल्ली मला निराळी दिसू लागली. पालख्यांचा मुक्काम मंदिरात नसतो. शिजो रस्त्यावर, दुकानांच्या रांगेतच असलेल्या ओताबिशो या जागी त्या २४ तारखेपर्यंत राहतात.

त्या मुक्कामाच्या दिवसांत मूक वारी करण्याची जुनी चाल आहे. गिओनच्या कलावंत स्त्रिया सात रात्री, वाटेत कुणाशी चकार शब्द न बोलता, ओताबिशोच्या दर्शनाला जात असत. मध्येच बोलले तर मागणे फळत नाही, असा समज आहे. माझ्याजवळ एकच रात्र होती. १८ तारखेला मी यासाकाच्या पश्चिम दारातून निघालो. अंतर एक किलोमीटरही नाही, पण टाळ-मृदंगाच्या गजरात चालायला शिकलेल्या माणसाला ते मोठे वाटले. दुकानांतून उत्सवाचे ध्वनिमुद्रित संगीत चालू होते, पुलावर गर्दी होती, एका प्रवाशाने मला रस्ता विचारला आणि मी फक्त हाताने दिशा दाखवून त्याला वाकून नमस्कार केला. ओठांत मात्र "ज्ञानोबा-तुकाराम" चालू होते आणि ते बाहेर पडू न देण्यासाठी मला खरोखर जीभ दाताखाली धरावी लागली.

ओताबिशोसमोर पाच येनचे नाणे पेटीत टाकले, दोनदा वाकलो, दोन टाळ्या वाजवल्या, पुन्हा एकदा वाकलो. कंदिलांच्या उजेडात पालख्यांचे सोने चमकत होते. शेजारचा दुकानदार शटर ओढता ओढता थांबला, देवाकडे वळून वाकला आणि मग त्याने दुकान बंद केले.