डिस्चार्ज सकाळी, सुटका दिवेलागणीला: माझा अनुभव

पोरगी आता ठणठणीत आहे, हे आधीच सांगते. म्हणजे चिडचिड काढायला मी मोकळी.

लेक कोल्हापुरात इंजिनिअरिंगला, आम्ही कणकवलीत. डेंग्यू निघाला. रूममेटनीच तिला रिक्षात घालून राजारामपुरीतल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. आम्ही फोंडा घाट चढून पोचेपर्यंत सलाईन लागलेलं होतं. त्या पोरींचे उपकार फिटायचे नाहीत. ताप उतरल्यावर मी हुश्श केलं, तर डॉक्टर म्हणाले, "आत्ताच जपायचं. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच धोक्याचे." प्लेटलेट 28,000 वर आल्या तेव्हा वर्गातली मुलं रक्त द्यायला दारात हजर. पण रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा बघून प्लेटलेट चढवत नाहीत. उपचारांबद्दल काही म्हणणं नाही.

अडलं ते इन्शुरन्सच्या डेस्कवर.

सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी "घरी न्या" म्हटलं. हाताची सुई निघाली, लेकीने वेणीसुद्धा घातली. खाली डेस्कवरचा मुलगा म्हणाला, "फायनल बिल पाठवलंय मावशी, अप्रूव्हल आलं की सोडतो." दुपारी कळलं, कंपनीने क्वेरी काढलीय: ताप नेमका कधीपासून? केसपेपरवर एक तारीख, कॉलेजजवळच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुसरी. उत्तर एका ओळीचं, पण सही-शिक्का हवा, आणि डॉक्टर ओपीडीत. दारात उभी राहून सही आणली. खाली आले तर डेस्कवाला जेवायला गेलेला. तो आला, कागद स्कॅनरवर पालथा घातला आणि दुसऱ्याच पेशंटशी बोलत बसला. स्कॅनरचं बटण दाबायला मीच आठवण केली.

डिस्चार्जचं अप्रूव्हल 3 तासांत द्यायचं, उशिरामुळे दवाखान्याने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे, असं विमा नियामकाचं 2024 चं परिपत्रक आहे. ते मोबाईलवर दाखवलं. "नियम बरोबर हाय ओ मावशी, पण पोर्टलला कोण सांगणार?" शेवटी क्लेम नंबर घेऊन मी थेट कंपनीच्या हेल्पलाइनला धरलं आणि तक्रार क्रमांक मागितला. दिवेलागणीला अप्रूव्हल आलं. माझ्या फोनमुळेच आलं, असं माझं ठाम मत. नवऱ्याचं वेगळं आहे.

तर, तापाची तारीख पहिल्या चिठ्ठीपासून सगळीकडे एकच लिहिलीय ना, हे अॅडमिट करतानाच बघा. खोलीही पॉलिसीतली भाड्याची मर्यादा बघूनच घ्या. महागडी घेतली तर बऱ्याच पॉलिसींत नुसतं भाडंच नाही, बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापतात. ग्लोव्हजसारख्या किरकोळ गोष्टींचे पैसे बहुधा खिशातूनच जातात. विमा नसेल तर कोल्हापूरचा सरकारी दवाखाना, सीपीआर, आहेच. खासगीत गेलात तर तिथे महात्मा फुले योजना आहे का विचारा. रेशनकार्ड आणि आधार लागतं, दवाखान्यात योजनेचा मदतनीस असतो, त्या आरोग्यमित्राला भेटा.

आणि हो, ताप आला की पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी मनाने घ्यायची नाही, हे पोरांना आधीच बजावून ठेवा. डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

कॉलेजच्या हजेरीसाठी लागणारं मेडिकल सर्टिफिकेट डिस्चार्जच्याच दिवशी मागून घ्या. नंतर गेलात की "फाइल रेकॉर्डला गेली, उद्या या."