मागच्या दोघी

गेले तीन आठवडे मी नुसती बायकांचीच गाणी ऐकतेय. ठरवून वगैरे अजिबात नाही. झालं असं की प्लेलिस्ट शफलवर होती, मी भांडी घासत होते आणि मध्येच 'बी माय बेबी' लागलं. ते सुरुवातीचे ड्रम्स माहितीयेत ना, धूम, धूम-धूम, टाक! नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिले मी. हे गाणं आधी शंभरदा तरी ऐकलं असेल, पण हेडफोन लावून, बाकी काही न बघता, पहिल्यांदाच. आणि लक्षात आलं की इतकी वर्षं आपण फक्त रॉनी स्पेक्टरचा आवाज ऐकत होतो, तिच्यामागे जी अख्खी भिंत उभी आहे आवाजांची तिच्याकडे कान गेलाच नव्हता.

मग काय, सुरू झालं वेड. रात्री दीड वाजता १९६३च्या रेकॉर्डिंगला कोण कोण होतं ते शोधत बसणारी मी. तर त्या गाण्यात म्हणे रॉनीच्या रॉनेट्स या ग्रुपपैकी रॉनी तेवढी गायलीये, आणि मागच्या कोरसमध्ये कोण असावं, तर १७ वर्षांची शेअर! हो, तीच शेअर, पुढे जगभर गाजलेली गायिका. तेव्हा तिला कोणी ओळखतही नव्हतं.

तर ही पोस्ट मागे उभ्या राहणाऱ्यांबद्दल आहे. गर्ल ग्रुप म्हटलं की आपण पुढची बघतो, मधली, जिच्यावर लाइट आहे ती. पण तीन बायका एका माइकसमोर उभ्या राहून गातात तेव्हा खरी गंमत उरलेल्या दोघींत असते असं माझं आता ठाम मत झालंय.

हे किती अवघड असतं ते मला माहितीये कारण लहानपणी आम्ही करून बघितलंय. मी, ताई आणि मावसबहीण. सुट्टीत ठरवलं की आपण तिघी वेगवेगळ्या सुरात गायचं, ताई वरचा, मी मधला, मावसबहीण खालचा. पहिल्या दोन ओळी जेमतेम टिकायच्या, तिसऱ्या ओळीला तिघी एकाच चालीवर, आणि तेही ताईच्या, कारण तिचा आवाज मोठा. कानात बोटं घालून गाऊन बघितलं, भिंतीकडे तोंड करून बघितलं, पण नाहीच. आपला सूर धरून ठेवायचा, शेजारचीचा ऐकायचा आणि तरी तिच्याकडे घसरायचं नाही, हे सायकल चालवता चालवता सुईत दोरा ओवण्यासारखं आहे.

आणि मग तुम्ही न्यू ऑर्लिन्सच्या बॉस्वेल सिस्टर्सचं १९३०च्या आसपासचं काहीही लावा. तीन सख्ख्या बहिणी, मार्था, कॉनी आणि व्हेट. गाणं सरळ चाललेलं असतं आणि मध्येच लय बदलते, तिघी एकदम, एका श्वासात, जणू एकच बाई तीन गळ्यांनी गातेय. कॉनीला लहानपणापासून चालता येत नव्हतं त्यामुळे ती बसून गायची. १९३६ला त्या थांबल्या, पण तोवर मिनेसोटात तीन मुली त्यांच्या रेकॉर्ड्स ऐकून त्यांची नक्कल करत मोठ्या झाल्या होत्या, त्या म्हणजे अँड्र्यूज सिस्टर्स. मधे पॅटी, वरचा सूर मॅक्सीनचा, खालचा लाव्हर्नचा. सगळे पॅटीला ओळखतात. मी आता लाव्हर्नची फॅन आहे. खालचा सूर म्हणजे घराचा पाया, दिसत नाही, पण काढून बघा एकदा.

साठच्या दशकावर मात्र मी जरा जास्तच रेंगाळणार आहे, आधीच सांगते, कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

शिरेल्स. न्यू जर्सीच्या पसेइक गावातल्या शाळकरी मैत्रिणी. त्यांचं 'विल यू लव्ह मी टुमॉरो' १९६१च्या जानेवारीत बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या यादीत एक नंबरला गेलं, कृष्णवर्णीय मुलींच्या ग्रुपचं तिथे पोचलेलं पहिलं गाणं. लिहिलं कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन यांनी, आणि कॅरोल तेव्हा होती फक्त १८ वर्षांची! मुख्य गायिका शर्ली ओवेन्सला ते आधी आवडलंच नव्हतं, फारच कंट्री टाइप वाटलं होतं तिला, मग त्यात व्हायोलिनं वगैरे आली आणि ती तयार झाली. रेकॉर्डिंगच्या वेळी ड्रमवाल्याचं वाजवणं कॅरोलला पटेना म्हणून ती स्वतःच केटलड्रम वाजवायला बसली. आणि गाण्यात विचारलंय काय, तर आज रात्री ठीक आहे, पण उद्या सकाळी काय? १९६०मध्ये एका मुलीने हे इतक्या शांतपणे विचारावं! शर्लीचा आवाज परफेक्ट नाहीये, किंचित खाली लागतो मधेमधे, आणि म्हणूनच ते खरं वाटतं. आजच्यासारखं कॉम्प्युटरवर सूर सरळ केला असता तर मेलं असतं ते गाणं.

आता डार्लीन लव्हची गोष्ट. ही वाचून मी अक्षरशः लॅपटॉप बंद करून गॅलरीत फेऱ्या मारल्या.

१९६२. निर्माता फिल स्पेक्टरला एक गाणं घाईघाईने रेकॉर्ड करायचं होतं कारण दुसरी एक गायिका तेच गाणं करतेय अशी कुणकुण त्याला लागली होती. त्याचा ग्रुप होता क्रिस्टल्स, पण त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला. मग त्याने लॉस एंजेलिसमधल्या डार्लीन लव्हला आणि तिच्या ब्लॉसम्स ग्रुपला बोलावलं, गाणं गाऊन घेतलं आणि रेकॉर्डवर नाव छापलं क्रिस्टल्सचं. 'ही'ज अ रेबेल' एक नंबरला गेलं! इकडे डार्लीनचं नाव कुठेच नाही आणि तिकडे क्रिस्टल्स बिचाऱ्या टूरवर, आपण कधी गायलोच नाही ते आपलं सगळ्यात हिट गाणं स्टेजवर म्हणतायत. त्यांच्यातल्या ला ला ब्रूक्सला ते गावं लागलं कारण तिचा आवाज त्यातल्या त्यात डार्लीनच्या जवळ जाणारा. म्हणजे फसवणूक दोन्ही बाजूंनी. मला आधी वाटायचं यात क्रिस्टल्सचा फायदा झाला, पण विचार करा, लोक टाळ्या वाजवतायत आणि त्या दुसरीसाठी आहेत हे फक्त तुम्हाला माहितीये.

पुढे ऐंशीच्या सुरुवातीला डार्लीनला काम मिळेना तेव्हा ती लोकांच्या घरी साफसफाईला जायची. एकदा बेव्हर्ली हिल्समधल्या कुणाच्या तरी घरचं बाथरूम धूत होती आणि रेडिओवर तिचंच जुनं ख्रिसमसचं गाणं लागलं. ते ऐकून तिने ठरवलं की आपण परत गायचं, आणि ती गायली. २०११ला तिला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. (आणि मी इथे भांडी घासताना गाणं ऐकून ब्लॉग लिहितेय, असो.)

डायना रॉसच्या तिघींच्या ग्रुपबद्दल, सुप्रीम्सबद्दल, सगळ्यांना माहितीये असं वाटतं पण नसतं. १९६४ ते १९६९ या काळात अमेरिकेत १२ गाणी एक नंबरला, बीटल्सच्या तोंडावर! पहिलं 'व्हेअर डिड अवर लव्ह गो'. ते म्हणे आधी मार्व्हलेट्स या दुसऱ्या गर्ल ग्रुपला देऊ केलं होतं, त्यांनी नाक मुरडलं. सुप्रीम्सनाही आवडलं नव्हतं. पट्टी नेहमीपेक्षा खालची, त्यामुळे डायना रॉस एरवीसारखी वर चढून न गाता जवळ येऊन बोलल्यासारखी गाते, आणि मागे दोघींना काम काय, तर 'बेबी, बेबी'. बास. सुरुवातीला म्हणे मागचे सूर बरेच गुंतागुंतीचे होते, पण सगळ्यांची इतकी वादावादी झाली की वैतागून 'बेबी बेबी'वर आणलं. आणि तेच डोक्यात बसतं! तुम्ही ते गाणं गुणगुणताना नीट बघा, तुम्ही डायना गात नाही, तुम्ही मागच्या दोघी गाता.

त्या दोघींपैकी एक फ्लोरेन्स बॅलर्ड. ग्रुप सुरू करणाऱ्यांत ती पहिली. तिला १९६७ला ग्रुपमधून काढलं आणि त्याच वर्षी नाव झालं 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स'. १९७६ला ती गेली, ३२ वर्षांची होती. मधल्या काळात घर गेलं होतं, पैसे संपले होते. मी यावर जास्त लिहीत नाही, लिहायला गेले की चिडचिड होते.

बरं, त्याहून भारी म्हणजे १९६८चं 'लव्ह चाइल्ड', त्यावर डायना सोडली तर दुसरी कुठलीच सुप्रीम नाही! मागे गातायत अँडांटीज. जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो, लूव्हेन डेम्प्स. या तिघी सुप्रीम्सच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य रेकॉर्ड्सवर आहेत, कंपनीतल्या जवळपास प्रत्येकाच्या मागे, आणि रेकॉर्डवर नाव नाही. तुम्ही त्यांना हजारदा ऐकलंय. मी नावं मुद्दाम लिहिली, परत एकदा वाचा.

सोलो गायिकांचंही तेच. अरेथा फ्रँकलिनचं १९६७चं 'रिस्पेक्ट', मूळ गाणं ओटिस रेडिंगचं, घरी आल्यावर बायकोने मान द्यावा म्हणणाऱ्या नवऱ्याचं. अरेथाने ते उलटंपालटं केलं, 'रिस्पेक्ट'ची अक्षरं एकेक करून म्हणणं तिनेच घातलं. पण मागे कोण आहेत? तिच्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा. त्या मागून जे तडातडा उत्तर देतात ना, त्याशिवाय ते गाणं म्हणजे एकटी बाई तक्रार करतेय असं वाटलं असतं. त्या आल्या आणि तो मोर्चा झाला.

सत्तरचं पटकन सांगते. लाबेल चकचकीत अंतराळवीरांचे कपडे घालून, सिस्टर स्लेज चार सख्ख्या बहिणी, डिस्को, मस्त, नाचा. ऐंशीत गो-गोज, ज्यांनी गाणी स्वतः लिहिली, वाद्यं स्वतः वाजवली आणि १९८२ला अल्बम एक नंबरला नेला, असं करणारा बायकांचा पहिला बँड.

नव्वदीत माझा जीव टीएलसी या तिघींच्या ग्रुपमध्ये. इथे उलटा प्रकार आहे, मुख्य आवाज टी-बॉझचा आणि तोच सगळ्यात खालचा, खरखरीत, नुकतीच झोपेतून उठल्यासारखा, आणि चिली वरून येते. म्हणजे लाव्हर्नला पुढे आणून उभं केलं शेवटी कोणीतरी! 'वॉटरफॉल्स' १९९५ला सात आठवडे एक नंबरला, आणि त्याच वर्षी या तिघींनी दिवाळखोरी जाहीर केली. कारण करारच तसे, अल्बम लाखोंनी विकला जातोय आणि मुलींच्या हातात काहीच नाही.

स्पाइस गर्ल्स गाऊ शकत नाहीत म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही, पण 'वॉनाबी'मध्ये सूर कोण शोधतंय? पाच जणी एकमेकींच्या बोलण्यात तोंड घालतायत, हॉस्टेलच्या खोलीत होतं तसं. जाहिरात देऊन जमवलेल्या पोरी, पण ज्यांनी जमवलं त्यांनाच सोडून त्या आपल्या टेप्स घेऊन निघून गेल्या. डार्लीनला हे जमलं असतं तर, असं मला उगाच वाटत राहतं.

आणि के-पॉप, म्हणजे कोरियन पॉप. नाक मुरडू नका, थांबा. मुळात हे काही काल सुरू झालेलं नाही, किम सिस्टर्स नावाच्या तीन कोरियन मुली १९५९लाच लास व्हेगासला जाऊन गात होत्या. दोन बहिणी आणि एक मामेबहीण, युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांसमोर इंग्रजी गाणी अर्थ न कळता नुसत्या उच्चारांवर पाठ करून म्हणायच्या. एड सलिव्हनच्या गाजलेल्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात त्या वीसेक वेळा झळकल्या, डझनभर वाद्यं वाजवायच्या. आजच्या ग्रुप्समध्ये तर मेन व्होकल, लीड व्होकल, सब व्होकल अशी पदंच ठरलेली असतात, आणि फॅन्स स्टॉपवॉच लावून मोजतात की नऊ जणींपैकी कोणाला किती सेकंद मिळाले, आणि कमी मिळाले की कंपनीच्या नावाने शिमगा. मी आधी हसायचे या पोरांना. अँडांटीजबद्दल वाचल्यापासून हसत नाही.

परवा हे सगळं ताईला फोनवर सांगितलं, चाळीस मिनिटं, ती म्हणाली तू आधी जेव. पण रात्री साडेअकराला तिचा व्हॉइस मेसेज आला, नुसतं 'बेबी, बेबी', वरच्या सुरात, मागे पंख्याचा आवाज. मी तो एका कानात लावून मधला सूर धरला, चौथ्या ओळीपर्यंत टिकले, मग गेलेच तिच्या मागे. खालच्या सुरासाठी मावसबहिणीला दोन्ही क्लिप पाठवल्यात. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही अजून.