रात्रीचं रोम, व्हेस्पावर डबलसीट

रोममध्ये रात्रीची स्कूटर टूर घेणार असाल तर आधी एकच विचारा: टेकड्यांवर नेता का? त्रेवीचं कारंजं, पँथिऑन, नव्होना चौक ही सगळी ठिकाणं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि तिथल्या गल्ल्यांची मजा पायीच आहे. दिवसभराच्या पायपिटीनंतर जीव नकोसा होतो तो आव्हेंतीन आणि जानिकोलोच्या चढांनी. स्कूटरचे पैसे वसूल होतात ते तिथेच. मी आणि माझी धाकटी बहीण गेलो ती टूर आम्ही याच हिशेबाने निवडली होती.

दोघींना दोन व्हेस्पा, पुढे चालवणारे स्थानिक गाइड. स्वतः चालवायचा पर्यायही असतो, पण मी तो सुचवणार नाही. वाहतूक उजवीकडून, आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा, आणि जुन्या भागात रस्त्यांवर काळ्या बसाल्टचे चौकोनी दगड, ज्यांना तिथे सांपिएत्रीनी म्हणतात. कोरडे असतानाही ते सीटखाली खडखडतात, पावसात तर कमालीचे निसरडे होतात. म्हणून पाऊस आला तर तारीख बदलून मिळते का आणि मागे बसणाऱ्याचा विमा आहे का, हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या.

कोलोसियम वाटेत लागलं. इ.स. 80 मध्ये खुली झालेली ही वास्तू रात्री कमानींच्या आतून उजळते. पण तिथे थांबायला फार जागा नव्हती, पुढे निघालो. सर्कस मॅक्सिमसचं, म्हणजे प्राचीन रथशर्यतींचं, अंधारं मैदान ओलांडून आव्हेंतीनवर चढलो आणि वाहनांचा आवाज एकदम मागे पडला. वर माल्टाच्या सरदारांच्या चौकात एक बंद दरवाजा आहे. त्याच्या कुलपाच्या भोकाला डोळा लावला, की दोन्ही बाजूंनी कातरलेल्या झाडांची बोळ आणि तिच्या टोकाला नेमका मधोमध सेंट पीटरचा उजळलेला घुमट! चौकाची रचना वास्तुविशारद पिरानेसीची, 1765 सालची. दिवसा इथे भली मोठी रांग असते, आम्हाला उशिरा जेमतेम चार-पाच माणसं लागली. फोटोसाठी फोनची लेन्स भोकाला टेकवा आणि फोकस घुमटावर धरा. शेजारची संत्र्यांची बाग मात्र अंधार पडला की बंद होते, तिच्या भरवशावर राहू नका.

जानिकोलो रोमच्या प्रसिद्ध सात टेकड्यांत मोडत नाही, पण तिथून जे दिसतं ते मला सगळ्यांत आवडलं. पाचव्या पॉल पोपने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधवलेलं भव्य कारंजं इथे आहे, त्याला पाणी येतं ते सम्राट ट्रेजनच्या जुन्या जलवाहिनीच्या वाटेने. समोरच्या कठड्यावरून अख्खं शहर पसरलेलं दिसतं: पँथिऑनचा बसका घुमट, व्हित्तोरियानो या राजस्मारकाचा पांढराशुभ्र डोलारा. गाइड एकेक घुमट बोटाने दाखवत होता. इथे निदान वीस मिनिटं तरी मागून घ्या, घाई करणारी टूर असेल तर सरळ सोडा.

अंगभर कपडे आणि बंद बूट घाला, सायलेन्सर पोटरीला लागला तर चांगलाच भाजतो. पर्स तिरकी अडकवा आणि चालत्या गाडीवर फोन काढू नका. वळणावर चालकासोबत झुका, उलट दिशेला अंग टाकू नका. हेल्मेट सक्तीचं आहे. हनुवटीचा पट्टा आवळून मान हलवून पाहा, सैल वाटलं तर बदलून मागा. पाण्याची बाटली रिकामी न्या. रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे नळ अखंड वाहत असतात. नळाच्या तोंडाला बोट लावलं की वरच्या छिद्रातून धार उडते, तिला तोंड लावून पाणी पिता येतं.

टूर संपेपर्यंत मेट्रो बंद होण्याची वेळ जवळ आलेली असते. त्यामुळे मुक्कामाच्या जवळ सोडाल का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्या. नाही म्हणाले तर रात्रीच्या बसचा थांबा नकाशावर आधीच शोधून ठेवा.