वेदना दोन, खाज दहा

घरभेटीला गेले तेव्हा काकांना वेदना दहापैकी किती ते विचारलं तर म्हणाले, "दोन." मॉर्फिन लागू पडलं होतं. पण बोलता बोलता कंगव्याने तळपाय खरवडत होते. खाजेचं विचारलं तेव्हा म्हणाले, "दहाच्या वर आहे का काही? दुखणं परवडलं, ताई."

स्वादुपिंडाचा कॅन्सर, पित्तनलिका पूर्ण दाबलेली. नलिका उघडी ठेवणारी नळी, म्हणजे स्टेंट, घालता येत नाही म्हणून घरी पाठवलेले. अंगावर पुरळ एकही नाही, नुसते ओरखडे. फक्त पाठीच्या मध्यावर, हात पोचत नाही तिथली कातडी कोरी. डिस्चार्ज कार्डावर सेट्रिझीन, ॲलर्जीची गोळी. ही खाज तुंबलेल्या पित्ताची, मुळात ॲलर्जीत सुटणाऱ्या हिस्टामिनची नाही, त्या गोळीने फार तर गुंगी येते. तरी सगळे तीच लिहितात. आमच्या फॉर्मवरही वेदनेला रकाना आहे, खाजेला नाही.

सूनबाई रोज कडकडीत पाण्यात जंतुनाशक घालून अंघोळ घालत होत्या. मायेनेच, पण कातडी आणखी कोरडी पडत होती. कोमट पाणी, साबण बंद, अंग पुसायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर असतानाच व्हॅसलिन लावायचं, हे मी करून दाखवलं. नखंही मीच कापली आणि कानशीने घासली. नुसती कापली तर कडा धारदार राहतात, जास्त ओरबाडतात.

डॉक्टरांनी फोनवर सर्ट्रालिन सांगितलं. कोलेस्टायरामिनची पावडर नको म्हणाले. ती आतड्यातलं पित्त बांधून बाहेर काढते. इथे पित्त आतड्यात उतरतच नाही तर ती बांधणार काय?

संध्याकाळी मुलाचा फोन. "सिस्टर, मेडिकलवाला म्हणतोय ही डिप्रेशनची गोळी आहे. बाबांना वेडं ठरवताय का?" काउंटरवरून असं अर्धवट ज्ञान वाटणाऱ्यांचा मला फार राग येतो. तीच गोळी खाजेवरही चालते, हे मी परोपरीने सांगत होते. शेवटी मागून काकांचाच आवाज आला, "आण रे. खाज थांबत असेल तर वेड्याची गोळी चालेल मला."

पुढच्या भेटीला खाज चारवर आली होती, कंगवा दिसला नाही. मुलगा खूश, गोळीला गुण आला म्हणाला. सूनबाई व्हॅसलिनला श्रेय देत होत्या. पण काका दिवसाही झोपेत होते, हाक मारल्यावर उशिरा ओ देत होते. यकृत खचत गेलं की ही खाज कधीकधी आपोआपच उतरते. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "दोन्ही असेल." घरच्यांना मी त्यातलं गोळीचं तेवढंच सांगितलं.