धारोक, वळीव आणि लाल हेल्मेट

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. सौदे, पट्ट्या, तोलाई, हमाली. दिवसभर घेण्यादेण्याशिवाय दुसरा विषय नाही. म्हणूनच ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये आयर्नमॅन प्रकारचं खातं काढलं. त्यात इतर खेळाडूंशी व्यवहारच बंद. बाकीचे ग्रँड एक्स्चेंजवर, म्हणजे गेममधल्या बाजारात, तलवार विकत घेतात, आपण खनिज खणायचं, वितळवायचं, ठोकायचं. वर हार्डकोअर, म्हणजे जीव एकच. मेलात की नावापुढचं लाल हेल्मेट जाऊन करडं येतं, म्हणजे हार्डकोअरपण गेलं, उरला साधा आयर्नमॅन.

गेम मुळात संथ. सगळं ०.६ सेकंदांच्या टिकवर, म्हणजे ठोक्यावर चालतं. एका स्किलला ९९ लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, आणि ९२ ला पोचलात तेव्हा कुठं निम्मं झालेलं असतं! मला ते चालायचं. जेवण झालं की भडंगाची वाटी घेऊन झाडं तोडत बसायचं, डोक्याला ताप नाही.

मे महिन्यात गेममधल्या बॅरोजला गेलो. तिथं सहा भावांची थडगी. त्यातला धारोक भलताच डांबरट. त्याचा जीव जितका कमी उरेल तितका त्याचा घाव मोठा. प्रोटेक्ट फ्रॉम मेली ही जवळच्या घावांपासून वाचवणारी प्रार्थना चालू असेल तर तो काही करू शकत नाही, पण तिला लागणारे प्रेअर पॉइंट सारखे गळतात, मधूनमधून पोशन प्यावं लागतं. आणि नेमका वळीव आला. विश्रामबागेत आमच्या गल्लीत वारा सुटला की लाइट गेलीच. लॅपटॉप चालू, राउटर बंद. लढाईत कनेक्शन तुटलं तर कॅरेक्टर लगेच बाहेर पडत नाही, थोडा वेळ तिथंच उभं राहतं. हॉटस्पॉट लावून परत आलो तर लंब्रिजमध्ये, म्हणजे मेल्यावर जिथं परत येतात त्या गावात उभा, करडं हेल्मेट घालून.

मिरजेच्या मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "मग गेलं काय त्यात? लेव्हल हायत की सगळ्या."

हायत. एक एक्सपी कमी झाला नाही, हेच तर डोक्यात जातं. धारोकशी खेळताना हरलो असतो तर मुकाट्यानं मानलं असतं. इथं भांडायचं कुणाशी? वाऱ्याशी? गेममधल्या आमच्या गटातला, क्लॅनमधला एकजण म्हणे, यूपीएस घे, लाइट गेली तरी राउटर बॅटरीवर चालेल. म्हणजे आयर्नमॅननं सगळं स्वतः कमवायचं, फक्त बॅटरी तेवढी दुकानातून आणायची!

नवीन हार्डकोअर काढणार आहे, पण दिवाळीनंतर.