एचटीटीपीएस आहे की, सर!

नवीन मुलांच्या डॉकरफाईलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरचं पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाईलमध्ये, एक ओळ हमखास सापडते. कर्ल या डाउनलोडरनं इन्स्टॉल स्क्रिप्ट नेटवरून ओढायची आणि पाईप लावून थेट आज्ञा चालवणाऱ्या बॅशच्या हवाली करायची, तीही रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार देऊन. हिंजवडीत बसून दिवसभर मी हेच रिव्ह्यू करतो. हटकलं की उत्तर ठरलेलं: "एचटीटीपीएस आहे की, सर!"

असू दे ना. एचटीटीपीएस म्हणजे आपण त्याच सर्व्हरशी बोलतोय आणि वाटेत कुणी ढवळाढवळ केलेली नाही. सर्व्हरवरचीच फाईल कुणी बदलली असेल, तर ती बदललेली फाईल तितक्याच सुखरूप आपल्याकडे पोचते.

मग मी कोडकव्हचं प्रकरण काढतो, म्हणजे चाचण्या कोडचा किती भाग तपासतात ते मोजणाऱ्या सेवेचं. त्यांची बॅश अपलोडर स्क्रिप्ट लोक सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेत, अशीच ओढून चालवायचे. ३१ जानेवारी २०२१ पासून कुणीतरी तिच्यात अधूनमधून एक ओळ घुसवत होतं. काम एकच, सीआयमधले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग्ज) परक्या सर्व्हरला पाठवणं. आणि तिथंच तर आपण टोकन, पासवर्ड, क्लाउडच्या किल्ल्या ठेवतो! १ एप्रिलला हे उघडकीस आलं, तेही एका ग्राहकानं गिटहबवरचा हॅश (फाईलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) आणि उतरवलेल्या स्क्रिप्टचा हॅश ताडून पाहिला म्हणून.

हॅश दुसऱ्या जागी होता, हे महत्त्वाचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची साईट हॅक झाली आणि १७.३ सिनॅमनची लिंक बॅकडोअरवाल्या, म्हणजे चोरदरवाजा घातलेल्या, इन्स्टॉलेशनच्या आयएसओ फाईलकडे वळवली गेली. पान ज्याच्या ताब्यात, तो शेजारचा हॅशही बदलू शकतो.

म्हणून आमच्याकडे नियम केलाय: आवृत्ती ठरलेली, शा-२५६ हॅश आपल्या रेपोत (कोडच्या साठ्यात), जुळला तरच पुढं. डॉकरफाईलमध्ये अ‍ॅड या फाईल आणणाऱ्या आज्ञेलाच चेकसम (तोच हॅश) देता येतो, जादा काही लिहावं लागत नाही. तरी संध्याकाळी सहाला बिल्ड फेल झालं, की भूमकर चौकातलं ट्रॅफिक आठवून कुणीतरी तपासणीची ओळच कमेंट करून टाकतं. अरे, ते फेल व्हावं म्हणूनच ती ओळ आहे!

एकीनं मात्र नेमकं विचारलं, "हॅश पहिल्यांदा घेतानाच फाईल बिघडलेली असेल तर?" तिथं फाईलवरची बनवणाऱ्याची डिजिटल सही तपासायची. पण २०१७ च्या सीक्लीनर ५.३३ या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या प्रोग्रामवर कंपनीची खरी सही होती, कारण मालवेअर सही व्हायच्या आधीच आत शिरलं होतं, आणि ती आवृत्ती जवळजवळ महिनाभर वाटली गेली. नवीन आवृत्ती आम्ही थोडी थांबून घेतो, सुरक्षेचा पॅच असेल तरच घाई. सीक्लीनरच्या बाबतीत तेवढ्यानंही भागलं नसतं, हे मी तिला सांगितलं.